नंबर कोणाचा?

३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी सेवेतून मोकळे झाले, त्यांत मीही होते. १९८६ साली मी परगावचे फोन जोडून देणाऱ्या नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा दूरसंचार हे सरकारी खाते होते. गावाचे नाव आणि क्रमांक सांगून माणसे तासन् तास वाट पाहत बसत आणि लाइन जुळली की आम्ही ‘बोला’ म्हणून बाजूला होत असू. पुढे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावून देणारी एसटीडी आली, मोबाइल आला, ऑपरेटरचे काम संपले आणि आम्ही इतर टेबलांवर गेलो. परंतु त्या कामाने लावलेली एक सवय अजून सुटलेली नाही. कोणताही क्रमांक कानावर पडला की तो कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. उत्तर नागपुरातील एका वस्तीत गेली साडेतीन वर्षे बायकांना मोबाइल आणि इंटरनेट शिकवताना याच प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवले.

ही वस्ती इंदोऱ्यापासून फार दूर नाही आणि माझे माहेर तिला लागूनच आहे. येथील बायका जरीपटक्यात धुणीभांडी करतात, हंगामात कळमन्याला मिरचीचे देठ तोडायला जातात, काही जणी सफाईच्या कामावर आहेत. टाळेबंदीच्या काळात मुलांची शाळा मोबाइलवर भरू लागली तेव्हा बहुतेक घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे. रात्री नऊनंतर मुले दिवसभराचा अभ्यास एकमेकांच्या वह्यांत उतरवून घेताना मी पाहिली आहेत. पुढे शाळा वर्गात परतल्या, पण गॅस, शिष्यवृत्ती, बँक, दाखले ही कामे मोबाइलवरच राहिली. २०१७ साली सुरू झालेले प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान नावाप्रमाणेच खेड्यांसाठी होते आणि भारतनेट या सरकारी योजनेचे फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेच्या धाग्याची तार, ग्रामपंचायतींसाठी. शहरातील वस्तीच्या डोक्यावर टॉवर असतो, मुख्य रस्त्याखालून फायबर जाते, त्यामुळे तिथली माणसे जोडलेलीच आहेत, असे सर्वांनी गृहीत धरले असावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत इंटरनेट कधी तरी वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. हे अंतर केवळ गावे आणि शहरे यांच्यातले नाही, ते एकाच छपराखालचे आहे, हे वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी वस्तीतील बुद्धविहाराच्या समितीपुढे जागा मागितली. नागपुरातील अनेक विहारांप्रमाणे येथेही अभ्यासिका आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पहाटेपासून तेथे बसलेली असतात. बायकांचा वर्ग भरला तर त्यांची शांतता मोडेल, ही हरकत मला रास्त वाटली. दोन बैठकांनंतर मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ ही वेळ ठरली. अभ्यासिकेतील एका मुलीने मदतीला येण्याचे कबूल केले. ती मला काकू म्हणते आणि बायका तिला बाळा म्हणतात. या कामातील तिचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे, हे पुढे येईलच.

इंटरनेटची जोडणी मिळवायला मात्र चार महिने लागले. फायबर मुख्य रस्त्यावर होते, विहार गल्लीत सुमारे दीडशे मीटर आत. एका खासगी कंपनीच्या माणसाने गल्ली पाहिली आणि येथे जोडणी देणे शक्य नाही, असे सांगून तो गेला. कारण त्याने दिले नाही. दुसरीने पत्त्याचा पुरावा मागितला. वस्तीतील बहुतेक घरांना मालकी हक्काचा पट्टा नाही, त्यामुळे ‘पत्त्याचा पुरावा’ हे शब्द येथे अनेक कामांच्या आड येतात. सुदैवाने विहाराची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी होती आणि ते प्रमाणपत्र चालले. तार ओढायला आलेल्या मुलाबरोबर मी स्वतः उभी राहिले, कारण तांब्याची तार वाकवावी तशी फायबर वाकवली की आतल्या काचेच्या धाग्यातून प्रकाश नीट जात नाही, आणि गल्लीत काटकोनाची दोन वळणे होती. दोन्ही ठिकाणी मोठा गोल वळसा ठेवून घेतला. अर्जावर नोंदणीकृत मोबाइल क्रमांक म्हणून मी माझा क्रमांक लिहिला. त्या वेळी त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नाही.

जुलैमध्ये पहिली तुकडी बसली. चौदा जणी होत्या. एका कार्यालयाने मोडीत काढलेले दोन संगणक मिळाले होते, म्हणून मी सुरुवात संगणकापासून केली: हा माउस, हा कीबोर्ड, हा मॉनिटर. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम शिकवणारी केंद्रे साधारण याच क्रमाने जातात आणि नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे असणाऱ्या मुलांना तो क्रम ठीक आहे. दिवसभर उभे राहून काम करून आलेल्या बाईला माउसचे डावे आणि उजवे बटण शिकून काय करायचे, ते कळेना. तिसऱ्या आठवड्यात सहा जणी उरल्या. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, मले हे नको जी. बँकेचा मेसेज येते, तो कोणाले येते ते सांगा.”

त्या वाक्यावर मी थांबले. मेसेज काय सांगतो, हे त्यांनी विचारले नव्हते. तो कोणाकडे जातो, हे विचारले होते. पुढच्या वर्गात मी संगणक झाकून ठेवले आणि पाटीवर तीन रकाने पाडले: आधारला कोणता क्रमांक जोडला आहे, बँकेत कोणता आहे, आणि आज हातातल्या फोनमध्ये कोणता आहे. गेलेल्या बायकांनाही घरी जाऊन बोलावून आणले. चौदा जणींपैकी तिन्ही रकान्यांत स्वतःचा एकच क्रमांक असलेली बाई एकच निघाली. कोणाच्या आधारला दिराचा क्रमांक होता, कोणाच्या बँक खात्याला मुलाचा, कोणाच्या खात्याला अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा. दुकानदार अर्जात स्वतःचा क्रमांक टाकतात, कारण ओटीपीसाठी दरवेळी त्या बाईची वाट पाहायला त्यांना वेळ नसतो. परिणाम असा होतो की पुढे प्रत्येक कामासाठी तिला त्याच दुकानात जावे लागते आणि दरवेळी पैसे मोजावे लागतात. चार जणींचे जुने क्रमांक रिचार्जअभावी बंद पडले होते. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, हे मी नोकरीत शेकडो वेळा लोकांना सांगितले होते. परंतु त्या क्रमांकामागोमाग एखाद्या बाईचे खाते, रेशन आणि मुलीची शिष्यवृत्तीही परक्या माणसाच्या फोनशी बांधली जाते, हे त्या पाटीपुढे उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा दिसले.

तेव्हापासून आमच्या वर्गाचा पहिला धडा हाच आहे. आधी क्रमांक, मग बाकी सगळे.

आधारमधील मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी त्या वेळी केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागत असे. शुल्क ५० रुपये होते, पण खरी किंमत एका दिवसाच्या मजुरीची होती. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांच्या भोजनदानात वस्तीतल्या बायका गुंतलेल्या असतात, म्हणून तो आठवडा सोडून आम्ही नऊ जणी एका सोमवारी सकाळी केंद्रावर पोहोचलो. तिघींचे बोटांचे ठसे उमटले नाहीत. वर्षानुवर्षे भांडी घासून आणि मिरची हाताळून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्रावरच्या माणसाने “हात धुऊन या” असे दोनदा सांगितले आणि मग पुढच्या टोकनला हाक मारली. डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते, हे मला ठाऊक होते. मी तसे शांतपणे, पण जागेवरून न हलता सांगितले, तेव्हा त्याने दुसरे उपकरण काढले आणि तिघींचीही कामे झाली. हे बायकांना स्वतःला माहीत असायला हवे होते. परतीच्या वाटेवर एकीने मला “डोळ्यानं होते” हे वाक्य तीनदा म्हणून दाखवले, कारण पुढच्या सोमवारी तिला तिच्या जावेला घेऊन यायचे होते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या, प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्या निकालाची बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मला ती तीन जोडी बोटे आठवली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. बायका पासवर्ड विसरत, पिन विसरत, म्हणून मी एक रजिस्टर केले आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिचे सगळे पासवर्ड व्यवस्थित लिहून ठेवले. नोकरीत नोंदवह्या नीट ठेवण्याची सवय होती आणि त्या रजिस्टरबद्दल मला समाधान वाटत होते. अभ्यासिकेतल्या मुलीने ते एका संध्याकाळी उघडून पाहिले, बंद केले आणि म्हणाली, “काकू, त्या दुकानदाराजवळ यांचे नंबर होते. तुमच्याजवळ आता त्याहून जास्त आहे.” ती रागाने बोलली नव्हती. मी रात्रभर त्यावर विचार केला. माझा हेतू चांगला होता हे खरे, पण त्या बायकांच्या बाजूने पाहिले तर फरक एवढाच होता की मी पैसे घेत नव्हते. पुढच्या वर्गात सर्वांसमोर ती पाने फाडली आणि सर्वांना आपापले पासवर्ड व पिन बदलायला लावले. त्याला दोन पूर्ण संध्याकाळी गेल्या. लिहिता न येणाऱ्यांनी आपापल्या खुणा ठरवल्या. पहिल्या नातवाच्या जन्माची तारीख कोणी सांगू लागली की आम्ही तिला अडवत असू आणि कोणालाही सहज सांगता येणार नाही असे काही शोधायला लावत असू. एकीने काय ठरवले ते मला आजही माहीत नाही आणि तेच योग्य आहे. त्याच आठवड्यात मी समितीला पत्र लिहून विहाराच्या इंटरनेट जोडणीवरील माझा क्रमांक काढून महिला मंडळाच्या सचिव असलेल्या बाईंचा क्रमांक टाकण्याची विनंती केली. त्या तेव्हा वर्गाच्या पहिल्याच तुकडीत शिकत होत्या.

शिकवण्याबद्दल काही गोष्टी येथे नोंदवून ठेवते, कारण हे काम करू पाहणाऱ्यांना त्या उपयोगी पडतील. पडद्याला बोट टेकवून लगेच उचलायचे असते, हे फोन वापरणाऱ्याला सांगावे लागत नाही, पण नव्या माणसाचे बोट दारावरची घंटा दाबावी तसे टेकून राहते; मग भलतीच यादी उघडते आणि ती बाई घाबरून फोन खाली ठेवते. आम्ही पहिला तास परातीत पसरलेल्या तांदळाच्या एकेका दाण्याला बोटाने टिचकी देण्यात घालवू लागलो आणि त्याने पुष्कळ फरक पडला. दुसरी गोष्ट परतीच्या बटणाची. कुठेही अडकले तरी मागे येता येते, हे हाताला पटेपर्यंत पुढे काहीही शिकवू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मराठीत बोलून टाइप करण्याची सोय फार मोलाची आहे, परंतु आमच्या बायका ‘मले’, ‘तुले’, ‘पोट्टी’ असे बोलतात आणि फोन ते शब्द पुष्कळदा चुकीचे उमटवतो. फोनसाठी बोली बदला, असे मी त्यांना कधीही सांगितलेले नाही. शोधायचे असेल तेव्हा दोन-तीन शब्दच बोलावेत आणि नात्यातल्या माणसाला कळवायचे असेल तर आवाजाचाच निरोप पाठवावा, एवढे पुरते.

यूपीआय आम्ही सर्वांत शेवटी शिकवतो. पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही, हे वाक्य प्रत्येकीकडून तोंडपाठ करून घेतो, कारण फसवणुकीचे बहुतेक फोन ‘पैसे जमा करण्यासाठी पिन टाका’ येथेच येऊन पोहोचतात. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फोनमध्ये ‘चोर’ या नावाने साठवायचा, असे त्यांनीच ठरवले. मे २०२३ मध्ये संचार साथी हे सरकारी पोर्टल सुरू झाल्यावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येऊ लागले. पहिल्याच दिवशी एका बाईच्या नावावर चार क्रमांक निघाले, त्यांतले दोन तिने कधी ऐकलेही नव्हते. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “माह्या नावानं कोन बोलून रायलं असन?” ‘हा माझा क्रमांक नाही’ असे नोंदवण्याचे बटण तिने स्वतःच्या बोटाने दाबले.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि विहाराच्या दारात रांग लागली. दोन महिने वर्ग असा भरलाच नाही. आम्ही केवळ अर्ज भरले. त्या काळातली एक गोष्ट मात्र मला समाधान देऊन गेली: अर्ज आम्ही दोघींनी भरले त्यापेक्षा जुन्या तुकड्यांतल्या बायकांनी जास्त भरले आणि प्रत्येक अर्जात ज्या त्या बाईचाच क्रमांक गेला. क्रमांक नसलेल्या बाईला त्या आधी सिम घ्यायला पाठवत. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नसते, ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, हे ज्यांना माहीत नव्हते त्यांचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडून राहिले. ते शोधून काढायला दिवाळी उजाडली. २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी आली आणि बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला जाऊ लागला. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न विहारात पहिल्याच संध्याकाळी सहा जणींनी विचारला होता. ज्यांनी तो नियम केला त्यांच्यापैकी कोणी त्या संध्याकाळी तेथे बसले असते, तर बरे झाले असते.

जोडणी गल्लीत पसरवण्याचा आमचा प्रयत्न अजून अर्धवट आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत कोणताही किराणा दुकानदार परवान्याशिवाय आपल्या ब्रॉडबँडवरून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. ग्राहक ॲपमधून नोंदणी करून काही रुपयांचे व्हाउचर घेतो आणि ओळख व हिशेब मधली संस्था सांभाळते. कल्पना वस्तीसाठी उत्तम आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराची तयारीही होती, पण कंपनीने त्याच्याकडे घरगुती जोडणीच्या कितीतरी पट महाग असलेली व्यावसायिक लाइन घेण्याचा आग्रह धरला आणि ते तेथेच राहिले. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने अशा दुकानदारांकडून २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा आदेश काढला. त्यानंतर दुकानदार पुन्हा अर्ज करायला तयार झाला आहे. दरम्यान, डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्याच नियमामुळे फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक मिळू लागले आहेत. हातात पैसे कमी असलेल्या महिन्यांत बायका डेटा न घेता तेवढाच पॅक मारतात, क्रमांक जिवंत ठेवतात आणि इंटरनेटची कामे विहाराच्या पायरीवर बसून करतात. मे महिन्यात पत्रे तापलेले असतात, तेव्हा पायरीवरची ही बैठक रात्री अकरापर्यंत चालते.

या जानेवारीत संक्रांतीच्या दुपारी कटलेला पतंग ओढताना मुलांनी आमची तारही ओढली. मी त्या दिवशी बहिणीकडे होते. संध्याकाळी पोहोचले तेव्हा विहारातल्या यंत्रावरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे प्रकाश येत नव्हता. मी तक्रार नोंदवण्यासाठी फोन काढला, तेव्हा महिला मंडळाच्या सचिवबाईंनी मला थांबवले. तक्रार त्यांनी दुपारीच केली होती. लाल दिवा आहे, तार गल्लीच्या दुसऱ्या वळणावर तुटली आहे, हे सांगितल्यावर पलीकडून नोंदणीकृत क्रमांक विचारला गेला आणि त्यांनी कागद न पाहता दहा आकडे सांगितले. तक्रारीचा क्रमांक त्यांच्या फोनवर एसएमएसने आला होता, तो त्यांनी मला दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तार जोडायला आलेल्या मुलाने माझ्याकडे पाहून विचारले, “मॅडम, ओटीपी आला असेल, सांगा.” मी सचिवबाईंकडे बोट दाखवले. त्यांनी आधी दिवा हिरवा झाल्याचे पाहिले आणि मगच त्याला ओटीपी सांगितला.